आजींच्या डबीतलं अल्कोहोल

पौष वद्य एकादशी होऊन चार दिवस झाले होते. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी गेलेली माणसं आपापल्या पाड्यांवर परतली होती. हरसूलजवळच्या एका पाड्यावर माझ्या जुन्या विद्यार्थिनीच्या घरी मी गेले, तेव्हा तिची आजी पडवीत उन्हाला पाय पसरून बसली होती. टाचांना भेगा पडलेल्या, हातांची कातडी उललेली, ओठ फुटलेले. वाघेऱ्याच्या घाटापलीकडचा हा मुलूख पावसाळ्यात पाण्याने झोडपून निघतो आणि थंडीत तितकाच कोरडा पडतो. त्यात आजींची चार दिवसांची पायी वाट.

नात नाशिकला नर्सिंग शिकते. तिने आजीसाठी क्रीमची डबी आणली होती आणि लावण्याआधी सवयीने ती मागचं बारीक अक्षर मोठ्याने वाचत होती. पाणी, ग्लिसरीन, सेटिअरिल अल्कोहोल... शेवटचा शब्द ऐकताच आजींनी पुढे केलेला हात मागे घेतला. गळ्यातली तुळशीची माळ चाचपली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, तुम्हीच सांगा. ह्याच्यात दारू हाय का?"

मी लगेच "नाही" म्हणाले. उत्तर बरोबर होतं, पण अपुरं होतं. नातीच्या पिशवीत स्वतःसाठी आणलेली आणखी एक बाटली होती, मुरमांवर कापसाने पुसायचं टोनर. त्या बाटलीबद्दल हाच प्रश्न आला असता तर मला "नाही" म्हणता आलं नसतं. दोन्हींवर शब्द तोच, आणि उत्तरं मात्र उलट. हे उलगडून सांगायला मला तीस वर्षं वर्गात फळा लागायचा. त्या दिवशी लागला नाही, कारण पडवीसमोर मोहाचं झाड उभं होतं.

आधी शब्दाबद्दल. अल्कोहोल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बाटलीच येते, पण हा शब्द जन्मला शृंगाराच्या पेटीत. अरबीत 'अल-कुह्ल' म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा, खनिज खलून खलून केलेली अतिशय बारीक पूड. युरोपातल्या किमयागारांनी हा शब्द उचलला. आधी तो कुठल्याही बारीक पुडीसाठी वापरला गेला, मग कुठल्याही पदार्थाच्या शुद्ध अर्कासाठी, आणि सोळाव्या शतकात पॅरासेल्ससच्या लेखनातून तो द्राक्षाच्या मद्याच्या अर्काला चिकटला. पुढे रसायनशास्त्र वाढलं तेव्हा लक्षात आलं, की त्या अर्काच्या रेणूची जी ठेवण आहे, तीच असंख्य इतर पदार्थांतही सापडते. मग त्या सगळ्यांना मिळून अल्कोहोल म्हणायचं ठरलं. म्हणजे एकाचं नाव साऱ्या कुळाचं आडनाव झालं. गावात एकाच आडनावाची पन्नास घरं असतात. त्यातला एक जण दारू गाळतो म्हणून बाकीच्या घरांचं पाणी कोणी टाकत नाही. आजींना मी हेच सांगितलं, आणि त्यांना ते पटलंही.

कुळाची खूण साधी आहे. कार्बनच्या अणूंची एक साखळी, आणि त्या साखळीला जोडलेली ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी. या जोडीला डोकं म्हणू आणि साखळीला शेपूट. डोक्याला पाण्याची ओढ, शेपटीला तेलाची. अल्कोहोल कसं वागेल हे मुख्यतः शेपूट किती लांब यावर ठरतं.

शेपटीत एकच कार्बन असेल तर ते मिथेनॉल. हे विष आहे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं दगावली, ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. दोन कार्बन म्हणजे इथेनॉल, दारूतलं अल्कोहोल. तीन कार्बन असलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल इंजेक्शनच्या आधी दंडावर पुसायच्या कापसाला अनेकदा लावलेलं असतं. तिथून साखळी वाढवत नेली की हळूहळू डोक्याचं चालेनासं होतं आणि शेपूट सगळं ठरवू लागते. बारा कार्बनच्या पुढे गेलो की हाती येतो तो मेणासारखा पांढरा पदार्थ. तो ना उडतो, ना पाण्यात विरघळतो, ना कुणाला चढतो. आजींच्या डबीतलं सेटिअरिल अल्कोहोल म्हणजे सोळा आणि अठरा कार्बनांच्या दोन अल्कोहोलांचं मिश्रण, सेटिल आणि स्टिअरिल.

आता झाडाकडे. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो. उजाडायच्या आत बाया-पोरं टोपल्या घेऊन जातात, वेचतात, अंगणात वाळवतात. वाळलेल्या फुलात वजनाच्या निम्म्याच्या आसपास साखरच असते. म्हणून फूल भाजून, शिजवून, भाकरीत घालूनही खाल्लं जातं. टंचाईच्या दिवसांत या फुलाने कितीतरी घरांना जगवलं आहे, आणि ते केवळ दारूचा कच्चा माल म्हणून ओळखलं जावं याचं मला वाईट वाटतं. गोळा करण्यावर आणि साठवण्यावर सरकारी निर्बंध होते, ते राज्य सरकारने २०२१ साली उठवले.

हीच फुलं पाण्यात भिजत ठेवली की यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव साखर खातात आणि दोन गोष्टी मागे टाकतात, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे आणि इथेनॉल. हा झाला सडवा. तो तापवला की इथेनॉल आधी वर येतं, कारण पाणी उकळायला शंभर अंश सेल्सिअस लागतात आणि इथेनॉलला सुमारे अठ्ठ्याहत्तरच. वरच्या गार भांड्याला वाफ लागते आणि थेंब थेंब गळते. पाड्यावरच्या भट्टीत आणि साखर कारखान्याच्या उंच डिस्टिलरीत तत्त्व हेच. कारखान्यात मोहाच्या जागी मळी असते आणि मनोऱ्यात हीच क्रिया पुन्हा पुन्हा होते. तरीही नुसतं उकळून-गाळून वजनाने साडेपंच्याण्णव टक्क्यांच्या वर फारसं जाता येत नाही. शेवटचं थोडं पाणी इथेनॉलला घट्ट धरून बसतं आणि दोघं एकत्रच उकळतात. नातीच्या टोनरमधलं अल्कोहोल अशाच कुठल्यातरी डिस्टिलरीतून आलेलं असणार. ते आणि मोहाच्या दारूतलं अल्कोहोल रेणूच्या पातळीवर एकच.

ते कातडीवर पडलं की काय होतं? पहिल्यांदा गार लागतं. आखूड शेपटीचे हलके रेणू झपाट्याने हवेत उडतात, आणि उडायला लागणारी उष्णता ते आपल्या अंगातून घेतात. सुई टोचण्याआधी दंडावर जो गारवा येतो तो हाच. काही सेकंदांत कातडी कोरडी होते. ती एकदम हलकी, ताणल्यासारखी लागते, तेलकटपणा गेलेला असतो. कंपन्यांना हे हवं असतं. उन्हाळ्यात घामेजल्या चेहऱ्यावर जड तेलकट थर कोणालाच नको, म्हणून सनस्क्रीन जेल, टोनर, आफ्टरशेव्ह यांत इथेनॉल घालतात. दुसरं कारण अधिक व्यवहाराचं आहे. काही औषधी द्रव्यं पाण्यात नीट विरघळत नाहीत. मुरमांवर चालणारं सॅलिसिलिक ॲसिड त्यातलंच. इथेनॉलमध्ये ते सहज विरघळतं आणि इथेनॉल त्याला कातडीत शिरायला वाटही करून देतं. झाडपाल्याचा अर्क काढायलाही तेच लागतं. हे आपल्याला नवं नाही. आयुर्वेदातली आसवं आणि अरिष्टं याच युक्तीवर उभी आहेत. काढ्यात गूळ घालायचा, सह्याद्रीच्या उतारांवर लालभडक फुलणाऱ्या धायटीची फुलं टाकायची, आंबवायचं, आणि जे अल्कोहोल तयार होतं ते औषधाचे गुण ओढूनही घेतं आणि टिकवूनही ठेवतं.

पण ओढून घेणं हाच त्याचा दोषही आहे. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. पंधरा-वीस पापुद्रे, सगळे मिळून वहीच्या कागदापेक्षाही पातळ. मळ्याच्या दगडी बांधासारखा हा थर समजा. पेशी हे दगड आणि त्यांच्यामध्ये लिंपलेला स्निग्धांश ही माती. ती माती आहे म्हणून आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरची घाण बाहेर. या मातीत मुख्यतः तीन द्रव्यं असतात: सेरामाइड, फॅटी ॲसिड आणि कोलेस्टेरॉल. यातलं कोलेस्टेरॉल हे रसायनशास्त्राच्या हिशेबाने अल्कोहोलच. म्हणजे अल्कोहोल आजींच्या कातडीत जन्मापासून आहेच, आणि त्याच्याविना ती कातडी धड राहणार नाही.

इथेनॉल या लिंपणातला थोडा स्निग्धांश विरघळवतं, थोडा सैल करतं. धडधाकट, थोडी तेलकट कातडी ही तूट काही तासांत भरून काढते. थंडीने आधीच उललेल्या कातडीत बांधच खचलेला असतो. तिथे रोज दोनदा इथेनॉलचा फिरता कापूस म्हणजे उरलीसुरली माती धुऊन नेणं. कोरडेपणा वाढतो, खाज सुटते, खाजवल्यावर चिरा पडतात.

आणि चीर पडलेल्या जागी ते झोंबतं. या झोंबण्याचं कारण मला फार आवडतं, म्हणून जरा थांबून सांगते. कातडीतल्या वेदनेच्या तंतूंवर एक ग्राहक असतो. साधारण बेचाळीस अंशांच्या वर उष्णता गेली की तो मेंदूला 'भाजतंय' असा निरोप धाडतो. मिरचीतलं कॅप्सेसिन याच ग्राहकाला चिकटतं, म्हणून मिरची जिभेला 'तिखट' आणि डोळ्याला 'आग' वाटते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं की इथेनॉल या ग्राहकाची मर्यादा बेचाळीसवरून चौतीसच्या आसपास खाली ओढतं. चौतीस म्हणजे जवळजवळ आपल्या कातडीचंच तापमान. म्हणजे जखमेवर स्पिरिट पडलं की आपल्याच अंगाची ऊब आपल्याला भाजू लागते. जखमेवर झोंबलं म्हणजे औषध लागू पडतंय, हा समज घराघरात आहे. झोंबण्याचा आणि बरं होण्याचा काही संबंध नाही.

इथे इथेनॉलची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. जंतू मारण्यात ते फार कामाचं आहे. तेही निव्वळ शुद्ध नव्हे, साठ ते ऐंशी टक्क्यांचं. जंतूंची प्रथिनं बिघडवायला थोडं पाणी सोबत लागतं, आणि पाण्यामुळे ते जरा उशिरा उडतं, काम करायला वेळ मिळतो. २०२० च्या वसंतात राज्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरी सॅनिटायझर करू लागल्या ते याच गुणासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॅनिटायझरच्या एका कृतीत इथेनॉल ऐंशी टक्के असतं आणि सोबत १.४५ टक्के ग्लिसरीन. एवढंसं ग्लिसरीन हात फुटू नयेत म्हणून. दिवसभर हात स्वच्छ करावे लागणाऱ्या परिचारिकांच्या बाबतीत असंही दिसलं आहे, की ग्लिसरीन घातलेलं सॅनिटायझर वारंवार साबण लावण्यापेक्षा कातडीला सौम्य पडतं. साबण स्निग्धांश धुऊन गटारात नेतो. इथेनॉल तो बराचसा हलवतं आणि स्वतः उडून जातं. नातीला हे वॉर्डात रोज उपयोगी पडेल. फक्त चुलीजवळ सॅनिटायझर नको. हात पूर्ण वाळल्याशिवाय विस्तवाकडे जायचं नाही, कारण इथेनॉलची ज्योत उजेडात नीट दिसतही नाही.

मोहाच्या झाडाचा अर्धा भाग अजून सांगायचा राहिला आहे. फुलं झडल्यावर फळं धरतात आणि पावसाच्या तोंडाला ती पिकून पडतात. आतल्या बिया म्हणजे मोहट्या. त्या फोडून, वाळवून, घाण्यावर नेऊन तेल काढतात. थंडीत हे तेल तुपासारखं थिजतं. भाजीला, दिव्याला आणि हातापायांना तेच. हे थिजणं महत्त्वाचं आहे. या तेलातल्या स्निग्ध आम्लांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास पामिटिक आणि स्टिअरिक असतात, सरळ लांब शेपट्यांची. सरळ काटक्यांची मोळी घट्ट बांधली जाते, तशा या शेपट्या एकमेकींना लागून बसतात आणि तेल घट्ट होतं. पामिटिक आम्लात सोळा कार्बन, स्टिअरिकमध्ये अठरा. हेच आकडे मघाशी आले होते. पामिटिक आम्लाचं टोक बदलून तिथे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसवली की सेटिल अल्कोहोल होतं, स्टिअरिकचं तसंच केलं की स्टिअरिल अल्कोहोल. एकाच झाडाच्या फुलातून दोन कार्बनांचं अल्कोहोल निघतं आणि त्याच झाडाच्या बीतल्या चरबीपासून सोळा-अठरा कार्बनांचं करता येतं. पहिलं कातडीतली चरबी सैल करतं. दुसरं स्वतःच चरबीच्या गणगोतातलं आहे. कारखाने यासाठी मोहट्या वापरत नाहीत. त्यांना पाम आणि खोबऱ्याचं तेल स्वस्तात आणि मुबलक मिळतं. ते तेल मोठ्या दाबाखाली, उत्प्रेरकाच्या मदतीने हायड्रोजनशी जोडून पांढऱ्या पापड्यांसारखं फॅटी अल्कोहोल बनवलं जातं.

पहिल्यांदा मात्र ते देवमाशातून मिळालं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरूल याने १८१७ साली स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या डोक्यातलं मेण पोटॅशबरोबर तापवलं आणि हा पदार्थ वेगळा केला. देवमाशाचं लॅटिन नाव 'सेटस', म्हणून हे सेटिल. आज बाजारातल्या क्रीमला देवमासा लागत नाही, नाव तेवढं मागे राहिलं आहे.

क्रीममध्ये हे करतं काय? क्रीम म्हणजे तेल आणि पाणी यांचा घडवून आणलेला संसार. दोघं स्वभावाने वेगळे. ताक घुसळून ठेवलं तरी थोड्या वेळाने निवळी वर येते, तसं नुसतं तेल-पाणी घुसळलं तर काही मिनिटांत वेगळं होतं. सेटिअरिल अल्कोहोल इमल्सिफायरच्या जोडीने तेलाच्या बारीक थेंबांभोवती उभं राहतं. शेपटी तेलात, डोकं पाण्याकडे. थेंब एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत. शिवाय हे मेणचट रेणू पाण्यातही पातळ जाळी धरतात, त्यामुळे क्रीम दाट होतं आणि बोटावरून ओघळत नाही. कातडीवर पसरल्यावर पाणी उडून जातं आणि हे मागे राहतं, खचलेल्या बांधावर वरून हलकं लिंपण घातल्यासारखं. ते सुमारे पन्नास अंशांच्या पुढेमागे वितळतं, म्हणजे आपल्या अंगावर ते वितळून वाहूनही जात नाही. बहुतेकांना ते मुळीच त्रास देत नाही. फार थोड्यांना याचीही ॲलर्जी निघते, आणि लोकरीच्या चरबीपासून केलेल्या लॅनोलिन अल्कोहोलची जरा अधिक जणांना.

ग्लिसरीनबद्दल लोकांना आश्चर्य वाटतं, पण तेही अल्कोहोलच. तीन कार्बन आणि प्रत्येकावर एक-एक डोकं, एकूण तीन डोकी. इतकी डोकी असल्यावर ते पाण्याला सोडतच नाही. हवेतून, कातडीच्या आतल्या थरातून, जिथून मिळेल तिथून ओलावा धरून ठेवतं. प्रत्येक तेला-तुपात ते आधीपासून असतंच. मोहट्यांचं तेल असो की खोबरेल, त्याचा साबण केला की ग्लिसरीन सुटं होतं. हरसूलसारख्या कोरड्या थंडीत निव्वळ ग्लिसरीन लावू नये, थोडं पाणी किंवा गुलाबपाणी मिसळून ओल्या अंगावर लावावं. बाहेर ओलावा नसला तर ते आतूनच पाणी ओढत बसतं, आणि वरून तेलाचा थर नसेल तर ते पाणी उडून जातं. आंघोळीनंतर अंग अर्धवट पुसून आधी ग्लिसरीन-पाणी आणि मग बोटभर तेल, ही जुन्या बायकांची रीत रसायनशास्त्राला धरून आहे.

याच कुळातली बाकीची मंडळी भराभर सांगते. बेन्झिल अल्कोहोल आणि फिनॉक्सीइथेनॉल हे क्रीम नासू नये म्हणून अगदी थोडे, साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी घातलेले असतात. मेंथॉल पुदिन्यातला गारवा देतं. रेटिनॉल म्हणजे जीवनसत्त्व अ, सुरकुत्यांवरच्या महागड्या क्रीमांतलं. जिरॅनिऑल आणि लिनलूल फुलांच्या सुगंधात असतात. नावाच्या शेवटी 'ऑल' किंवा 'ओल' दिसलं की कुळ बहुधा हेच. यातल्या एकानेही कोणाला नशा येत नाही.

मग खरोखरीचं इथेनॉल लेबलावर ओळखायचं कसं? तिथे ते कुठल्याही विशेषणाशिवाय, नुसतं 'अल्कोहोल' असं असतं, किंवा 'इथेनॉल', 'एसडी अल्कोहोल', आणि बहुतेक वेळा 'अल्कोहोल डिनॅट'. डिनॅट म्हणजे पिण्याच्या लायकीचं न ठेवलेलं. याचं कारण कातडीशी संबंधित नाही, कराशी आहे. पिण्याच्या दारूवर सरकारचा मोठा कर असतो. सौंदर्यप्रसाधनाच्या नावाने करमुक्त अल्कोहोल घेऊन कुणी ते विकू नये, म्हणून त्यात काहीतरी किळसवाणं मिसळतात. त्यासाठी वापरलं जाणारं डिनॅटोनियम हे माणसाला माहीत असलेल्या सर्वांत कडू द्रव्यांपैकी. १९५८ साली स्कॉटलंडमध्ये बधिरतेच्या औषधांवर काम करताना ते सापडलं. दहा लाखांत काही भाग एवढ्यानेही घोट तोंडात ठरत नाही. म्हणून अत्तर, टोनर किंवा सॅनिटायझर प्यायचा विचारही कोणी करू नये. २०२१ च्या एप्रिलमध्ये यवतमाळ जिल्ह्यात वणीला दारूची दुकानं बंद असताना सॅनिटायझर पिऊन माणसं मेली, ती बातमी अजून माझ्या मनातून जात नाही.

अंगाला लावायचं अल्कोहोल दारूच्या कायद्यात बसतं का, हा आजींचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. नाशिक जिल्हा तेव्हा त्याच राज्यात. त्या कायद्यात दारूची व्याख्या इतकी रुंद होती, की अल्कोहोल असलेली औषधं आणि कलोन वॉटर, लव्हेंडर वॉटरसारखी प्रसाधनंही तिच्यात आली. मुंबईचे एफ. एन. बलसारा न्यायालयात गेले. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदीचा मूळ अधिकार मान्य केला, पण अल्कोहोल असलेली औषधी आणि प्रसाधनाची द्रव्यं बाळगण्यावर, विकण्यावर, वापरण्यावर बंदी घालणं नागरिकांच्या हक्कांवर अवाजवी बंधन ठरतं, असा निवाडा दिला. पुढे १९५५ साली अशा वस्तूंवरच्या उत्पादन शुल्कासाठी वेगळा केंद्रीय कायदा आला. कायद्याने दोन गोष्टी वेगळ्या मानल्या. माळकरी माणसाने आपल्या नेमात त्या वेगळ्या मानायच्या की नाही, हे मात्र मी सांगू शकत नाही आणि सांगायला जाऊही नये. मी फक्त कुठल्या बाटलीत काय आहे ते सांगू शकते.

आपल्याकडे प्रसाधनांच्या २०२० च्या नियमांप्रमाणे एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर कुठल्याही क्रमाने. अगदी लहान पाकिटांना यातून सूट आहे. आठवडे बाजारात मिळणाऱ्या पाऊचवर यादी नसते ती बहुधा त्यामुळे. ज्याची कातडी लगेच बिघडते त्याने यादी असलेलीच डबी घ्यावी. आणि पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'अल्कोहोल फ्री' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ सहसा इथेनॉल नाही एवढाच असतो. मागे सेटिल किंवा स्टिअरिल सापडलं तर फसवणूक झाली असं समजू नये.

मी आणि नातीने मग दोन्ही लेबलं शेजारी ठेवली. आजींच्या डबीवर पहिलं पाणी, दुसरं ग्लिसरीन, तिसरं सेटिअरिल अल्कोहोल, आणि तळाशी फिनॉक्सीइथेनॉल. इथेनॉल कुठेच नाही. नातीच्या टोनरवर पाण्यानंतर लगेच अल्कोहोल डिनॅट. दुसऱ्या क्रमांकावर आहे म्हणजे ते नाममात्र नाही, भरपूर आहे. तेच यादीत अगदी शेवटी, सुगंधाच्या आसपास असतं, तर मी त्याकडे बोटही दाखवलं नसतं. तिला विचारलं, लावल्यावर कसं वाटतं? "लावल्या लावल्या छान वाटतं बाई, संध्याकाळी गालाची सालपटं निघतात." अठरा-वीस वर्षांची मुलगी, थंडीचे दिवस, आणि मुरमं लपवायची घाई. मी तिला म्हटलं, थंडी सरेपर्यंत ही बाटली ठेवून दे, किंवा सॅलिसिलिक ॲसिड हवंच असेल तर इथेनॉल यादीत वर नसलेलं बघ. नवीन काही आणलंस की आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लाव. लाल झालं नाही, खाजलं नाही, तर मग तोंडाला. आणि सालपटं थांबली नाहीत तर डॉक्टरांना दाखव.

आजी हे सगळं ऐकत होत्या. मध्येच उठून आत गेल्या आणि काचेची एक बाटली घेऊन आल्या. आत मोहट्यांचं तेल होतं, थिजून पांढुरकं झालेलं. ती त्यांनी उन्हात ठेवली. मोह, आपला चिकू आणि आफ्रिकेतलं शिआचं झाड, तिन्ही एकाच वनस्पती कुळातली. शिआचं लोणी शहरात मोठी किंमत मोजून घेतात, आणि त्याचं हे भावंड इथल्या घरात चुलीमागच्या फळीवर असतं. टाचांना याहून चांगलं काही आणायची गरज नाही, हे मी नातीला सांगितलं. हातांना मात्र क्रीम सोयीचं. ते लावून लगेच भांड्याला हात लावता येतो, तेलाचा बुळबुळीतपणा नाही.

मग आजींनी नातीच्या हातातून टोनरची बाटली घेतली, झाकण काढलं आणि नाकाशी धरली. सुगंधाखालचा तो वास ओळखायला त्यांना क्षणभरही लागला नाही. पन्नास-साठ वर्षं पाड्यावर राहिलेल्या बाईला भट्टीचा वास कुणी शिकवावा लागत नाही. बाटली त्यांनी लांब ठेवली. नंतर क्रीमची डबी उघडली, तीही नाकाशी नेली, बराच वेळ हुंगली, बोटाच्या टोकावर थोडं घेऊन चिमटीत चोळून पाहिलं.

"हे लोण्यावाणी हाय," त्या म्हणाल्या, आणि दुसरा हात नातीपुढे धरला.